नावावरची पट्टी

प्रिय भोंग्या,

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं म्हणत तू पाकीट फाडशील, ते मला इथे बसून दिसतंय. वर माझं अक्षर बघून वैतागशील. जगाच्या डोक्यातलं वाचते, पण हिचं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, हा तुझा जुना विनोद एव्हाना बायकोला ऐकवूनही झाला असेल. ऐकव. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मी 'हे बघ' म्हणायचा अवकाश, तुझं 'कळलं, कळलं' सुरू. या खेपेला मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचंय आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस. खारू झोपली असेल तेव्हाच वाच. एकट्याने वाचू नकोस, तिच्या आईलाही शेजारी बसव.

तुझा प्रश्न डोक्यातून हलत नाही. खारूचं ऑपरेशन करायचं की नाही, हे तुला या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना कळवायचंय. तिच्या आकड्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून उठतात, औषधं एकामागून एक हरली, म्हणून तो सगळा भाग उरलेल्या मेंदूपासून तोडून टाकायचा. चार वर्षांच्या पोरीचा अर्धा मेंदू बंद करायचा. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावरून तू मला फोन केलास आणि म्हणालास, 'ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू हो म्हण, मी सही करतो. तू नाही म्हण, मी तिला उचलून घरी नेतो.' मग जरा थांबून म्हणालास, 'पण बहीण म्हणून नको. लोकांच्या पोरांबद्दल जशी सांगतेस तशीच मला सांग.' मी बरं म्हटलं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की यात सांगायला फार अवघड असं काही नाही.

का वाटलं, ते तुला माहीत आहे, कारण माझी ती गोष्ट तू माझ्यापेक्षा रंगवून सांगतोस. आमचा बडबड्या. नीट चालायला लागायच्या आधीच त्याचा डावा अर्धा भाग बंद करावा लागला होता. तेव्हा त्याची आई मला रोज विचारायची, हा मला कधी आई म्हणेल का. मी तेव्हा नवखी होते, तिच्याकडे बघायचं टाळायची. तो बाप्या आता रोपवाटिकेत कामाला आहे आणि वर्षातून एकदा तपासणीला येतो तेव्हा माझं डोकं उठवून जातो. बोलायला लागला की थांबत नाही. उजवा पाय ओढतो, उजव्या हाताने बटण लावता येत नाही, आणि माझ्या खोलीतून जिन्यापर्यंत जायचं तर दर वर्षी चुकतो. पण बोलतो. गेल्या खेपेला मला म्हणाला, 'मावशी, तपासणी अर्धीच करा, माझं अर्धं तिकीट आहे.' तुला हे सांगितलं तेव्हा तू हसत सुटलास.

त्याच वेळी मी तुला समजावलं होतं की हे फुकटात होत नाही. दोन खोल्यांच्या घरात अचानक चार पाहुणे राहायला आले की कुणाला तरी आपली खाट सोडून स्वयंपाकघरात निजावं लागतं. बोलणं डावीकडून उजवीकडे राहायला गेलं, तर उजवीकडे आधी राहणाऱ्यांना सरकावं लागतं. वाट ओळखणं, चित्रं जुळवणं, असली कामं थोडी कोपऱ्यात ढकलली जातात. लहान मूल ही अडचण सोसतं, कारण त्याच्या घरात अजून कुणाची जागा पक्की झालेली नसते. मोठं झालं की प्रत्येक जण आपली खाट धरून बसतो. माझी सगळी नोकरी, सगळे निबंध, परिषदांमधली सगळी बडबड यापलीकडे फार काही नाही. तू ते ऐकून घेतलंस आणि म्हणालास, 'म्हणजे बाबांच्या वेळी उशीर झाला होता. या वेळी झालेला नाही.'

बाबांचं तू काढणार हे मला माहीत होतं. आपल्या घरात प्रत्येक गोष्ट शेवटी त्या बसच्या थांब्यावर येऊन उभी राहते. उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडली, घसा फोडून माणसं आत कोंबली, आणि एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला तो पडलाच. दवाखान्यातून घरी आले तेव्हा शब्द सगळे गेले होते, फक्त 'पुढे चला' तेवढं उरलं होतं. पाणी हवं, पुढे चला. उशी नको, पुढे चला. आईवर चिडले तरी पुढे चला, आणि तिच्या गालावर हात ठेवला तरी पुढे चला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पुस्तकात उत्तर शोधत होते. तू शाळेत होतास आणि तुला पुस्तकांचा कंटाळा, म्हणून तू पुठ्ठे कापून त्यावर चित्रं काढलीस. कप, खुर्ची, पंखा. रोज शाळेतून आलास की दप्तर टाकून बाबांच्या समोर बसायचास आणि एकेक पुठ्ठा धरायचास, 'बाबा, हे काय?' ते घामाघूम व्हायचे. एकदा तर त्यांनी पंख्याचा पुठ्ठा दातांनी फाडला होता.

मग आईने तुझे पुठ्ठे उचलून माळ्यावर टाकले आणि आपण बाबांना घेऊन बसने फिरायला गेलो, आठवतं? मागच्या दाराशी माणसं खोळंबली होती, नवा कंडक्टर पोरसवदा, त्याचा आवाज फुटेना. आणि बाबा आपल्या सीटवरून असे काही ओरडले, 'पुढे चला!', की अख्खी बस सरकली. त्या पोराने वळून सलाम ठोकला. दुखणं आल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी. पुढे ते होते तोवर आपण त्यांना दर रविवारी बसमध्ये बसवत होतो आणि काही शिकवत नव्हतो. तुला वाटतं आपण हरलो म्हणून शिकवणं सोडलं. मला अलीकडे तसं वाटत नाही, पण त्याकडे मी नंतर येते.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे राहिले, त्याबद्दल मी निघताना काहीच बोलले नाही. रिक्षा आली, मी पिशव्या मोजल्या आणि निघाले. आता बोलते. तू कामावरून, छापखान्यातून, खारूसाठी चित्रांची कार्डं कापून आणली आहेस. किती देखणी कार्डं रे ती. जाड कागद, वर चकचकीत आवरण, आणि तिला बोचू नयेत म्हणून चारही कोपरे गोल केलेले. पुठ्ठे कापणारा भोंग्या मोठेपणी इतकं सफाईने कापायला शिकला, हे बघून मला आधी कौतुकच वाटलं. तू तिला खिडकीखाली सतरंजीवर बसवलंस. तिचा उजवा हात मांडीवर गपगार पडलेला. तू मांजराचं कार्ड धरलंस, ती 'माऊ' म्हणाली. तू बूट धरलास, ती बघत राहिली. तू परत धरलास. तिने तुझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ हलवले, मग तिच्या तोंडाचा कोपरा ओढला जायला लागला आणि आकडी आली. तू तिला कुशीवर वळवलंस, मान सांभाळलीस, सगळं अगदी नीट केलंस. ती डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागली तशी तू तिचं तोंड पुसलंस आणि पुन्हा बूट उचललास.

तुझी बायको दारात उभी होती. नंतर भांडी विसळताना ती मला म्हणाली, 'ताई, ती दमते हो. झोपेतसुद्धा ओठ हलवते. पण यांना काही म्हटलं की म्हणतात, मेंदू वापरला नाही तर जातो, ताईच सांगते.' तुझ्यावर तिचा राग नव्हता. माझ्यावर असावा आणि तो ती गिळत होती. माझं ते वाक्य तू छापखान्यात मोठ्या अक्षरांत छापून आरशाशेजारी चिकटवलंयस, ते मी हात धुताना पाहिलं. वाक्य खरं आहे, मी ते शंभर ठिकाणी बोलले आहे. पण तुझ्या घरात, त्या आरशाशेजारी, ते मला वाचवेना.

आता इथलं सांगते. आमच्याकडे एक शिरस्ता आहे, तुला तो हास्यास्पद वाटेल. ऑपरेशन करावं की नाही यासाठी जेवढ्या मुलांच्या मेंदूची चित्रं आमच्याकडे येतात, तेवढ्यांच्या नावांवर आमच्या तंत्रज्ञ बाई कागदी चिकटपट्टी लावतात. वर एक आकडा टाकतात, पत्ते पिसावे तशी पिसतात, आणि मग आम्ही दोघं जण वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचतो. दोघांचं वाचून होईपर्यंत पट्टी निघत नाही. कारण असं की डोळा फार लाडावलेला असतो. ज्या पोराने काल तुमच्या मांडीवर बसून बिस्किट खाल्लं, त्याच्या मेंदूतला डाग अशा डोळ्याला दिसत नाही. ही पट्टीची रीत मीच सुरू केली आणि नव्या मुलामुलींना त्यावर भाषणं मीच देते.

खारूची चित्रं मोठ्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवली, तेव्हा मी बाजूला व्हायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण तू म्हणाला होतास, लोकांच्या पोरांबद्दल सांगतेस तशी सांग. मी बाईंना म्हटलं, माझ्या भाचीचंही टाका त्यात, पिसा, आणि मला मुळीच कळू देऊ नका. बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि गठ्ठा घेऊन गेल्या.

सकाळी वाचायला बसले. हात धुतले, चष्मा पुसला, स्वतःला बजावलं की इथे आपलं कुणी नाही. आणि तिसऱ्या की चौथ्या चित्राला माझा निग्रह संपला. चेहरा त्यात दिसत नाही, पण कपाळाची गोलाई दिसते. ते पुढे आलेलं कपाळ, ज्याला आई आपल्या घरचं छप्पर म्हणायची. बाबांचं, तुझं, माझं, खारूचं. डावी बाजू जागोजागी सुकलेली, आणि उजवी? उजवी इतकी स्वच्छ, की मी स्क्रीनला हात लावला. डोक्याला तारा लावून काढलेले आलेख बघितले, उजवीकडे सगळं शांत. मोकळं घर, पाहुण्यांची वाट बघणारं. मी त्यावर लिहिलं, 'ऑपरेशन करावं, लवकर करावं.' माझी ओळ नेहमी सरळ असते, ती त्या दिवशी वर चढत गेली. मनात तुला फोनही लावून झाला. तू ओरडणार, वहिनी म्हणून कधी हाक न मारलेल्या तुझ्या बायकोला मी फोनवर वहिनी म्हणणार, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

त्यानंतरची चित्रं मी हलक्या हाताने वाचली. चुकीची नव्हे, नीटच वाचली, सवयच आहे. पण मन मोकळं झालेलं. एका चित्राच्या वेळी तर चहावाला आला आणि त्याने पुन्हा साखर ओतलेली बघून मी त्याच्याशी भांडत होते. एकीकडे भांडत, एकीकडे बघत होते. डावी बाजू खराब. उजवीकडेही कानाच्या वरच्या बाजूला तसेच डाग, आणि आलेखात तिथूनही वेगळ्या आकड्या उठताना दिसत होत्या. मी लिहिलं, 'दोन्ही बाजू बाधित. ऑपरेशनचा उपयोग नाही.' ओळ सरळ आली. बिचारं कुणाचं पोर, एवढं माझ्या मनात आलं, आणि चहा गार व्हायला नको म्हणून मी तो पिऊन टाकला. शेजारच्या खोलीत माझ्या सहकाऱ्यानेही त्या चित्रावर तेच लिहिलं होतं.

दुपारी बाई पट्ट्या काढायला बसल्या. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, हे मी कधी करत नाही. आपल्या कपाळाचं ते पोर एका बेकरीवाल्याचं निघालं. त्याची आजी बाहेर पोराचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला जाऊन सांगितलं की ऑपरेशन करा, मूल बोलेल. तिने माझे दोन्ही हात धरले. मी तिच्याशी चांगलं बोलले, सगळं समजावलं. खरं सांगते भोंग्या, त्या वेळी मला त्या म्हातारीचा राग येत होता. जगात दुसरं कपाळ नव्हतं का त्या पोराला?

खारूचं चित्र चहाच्या वेळचं होतं. हे लिहायला मला इतकी पानं लागली. पट्टी निघाल्यावर मी ते पुन्हा वाचलं, मग पुन्हा, आत्या म्हणून वाचलं, डाग दिसू नयेत म्हणून वाचलं. ते तिथेच आहेत. डावा भाग बंद केला तरी तिच्या आकड्या थांबणार नाहीत, आणि तिचे शब्द उजवीकडे राहायला जाणार नाहीत, कारण ते घर आधीच आजारी आहे. वर पाय आणखी ओढेल, उजवीकडचं दिसायचं बंद होईल. मोठे डॉक्टर तुला सांगतील की काही जण तरीही करून बघतात, आणि तू माझ्या जन्मभराच्या कामावर भरवसा ठेवून होकार देशील. म्हणून हे पत्र. तुझा होकार माझ्या शब्दावर होता, तर नकारही माझ्याच हाताने लिहिलेला असावा. नाही म्हण. उशीर तुझ्याकडून झालेला नाही. गेल्या वर्षी केलं असतं तरी हेच झालं असतं, हे मी शास्त्रज्ञ म्हणून सांगते. तिचे उरलेले शब्दही जातील. किती दिवसांत ते मला माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते समोर बसून सांगेन. औषधं चालू ठेव. आरशाशेजारचं माझं वाक्य काढून टाक आणि आईने पुठ्ठे टाकले तशी ती सुरेख कार्डं माळ्यावर टाक. आई तेव्हा हरली नव्हती, तिने बाबांना आहेत तसं राहू दिलं होतं. तिला मांडीवर घे, खिडकीशी बस, काही विचारू नकोस. तुला रडायचं असेल तर लहानपणी रडायचास तसं गल्ली जागी होईल असं रड, बायकोपासून लपवू नकोस, तिला केव्हाचं कळलंय. मी रजा टाकली आहे, शनिवारी येते आणि राहते. दारात मला बघून खारू काही म्हणाली तर म्हणाली. काहीच नाही म्हणाली, तर तिला विचारू नकोस, ही कोण आली म्हणून.

तुझीच,
ताई